व्होल्ट कुठं मोजला, अँपिअर कधी मोजला: रेझिस्टन्स आणि वॉट काढायची रीत

कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीकडच्या एका काकांची नदीवरच्या पंपाची पाच एचपीची मोटर एका उन्हाळ्यात माझ्याकडं दोनदा आली. पहिल्यांदा उद्यमनगरात आमच्या दुकानात उतरवली तेव्हा वाइंडिंग (आतले तारेचे वेढे) काळंठिक्कर, तिन्ही फेज सारखेच करपलेले. भरून दिली. दीड महिन्यात काका परत दारात.

"मिस्त्री, परत बसली की वो मोटर. तार कसली भरलासा?"

तार चांगली होती. चूक माझीच होती, पण दुसरीकडं. तिन्ही फेज सारखे जळाले की एक फेज गेल्याची शंका मागं पडते. उरतो ओव्हरलोड, नाहीतर कमी व्होल्टेज. म्हणून पहिल्या वेळी मी नदीवर जाऊन मीटर लावला होता. डीपीजवळच्या (ट्रान्सफॉर्मरजवळच्या) पेटीत ४०५ व्होल्ट, खाली मोटरच्या टर्मिनलवरही ४०५. "लाईट एक नंबर आहे काका," म्हणून मोकळा झालो. मोटर त्या वेळी बंद होती.

बंद मोटरच्या केबलमधून प्रवाह जात नाही, आणि प्रवाहच नसेल तर केबलमध्ये व्होल्टेज पडणार कुठून? त्यामुळं साडेतीनशे मीटर लांब केबलच्या दोन्ही टोकांना सारखाच आकडा दिसतो. सूत्र मला आयटीआयपासून पाठ होतं. मोजायची वेळ चुकली. म्हणून या लेखात सूत्रांना थोडी जागा आणि मोजण्याला जास्त.

सूत्रं दोनच

शाळेच्या पुस्तकात विभवांतर, विद्युतधारा आणि रोध असे शब्द आहेत. दुकानात आम्ही व्होल्टेज, अँपिअर आणि रेझिस्टन्स म्हणतो. गोष्ट एकच. जर्मनीच्या गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली मांडलेला नियम असा, की तापमान सारखं असेल तर तारेतून जाणारा प्रवाह तिच्या दोन टोकांमधल्या व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो. यातून पहिलं सूत्र:

ओहम = व्होल्ट ÷ अँपिअर

आणि शक्तीसाठी दुसरं:

वॉट = व्होल्ट × अँपिअर

बाकीची दोन सूत्रं यांचीच पोरं. व्होल्टच्या जागी "अँपिअर × ओहम" ठेवलं की वॉट = अँपिअर × अँपिअर × ओहम. अँपिअरच्या जागी "व्होल्ट ÷ ओहम" ठेवलं की वॉट = व्होल्ट × व्होल्ट ÷ ओहम. तिन्हींचं उत्तर एकच येतं, मग कुठलं कधी वापरायचं? माझी सवय अशी: इस्त्री, गिझर, शेगडी यांना थेट लाईनचं व्होल्टेज मिळतं, म्हणून तिथं व्होल्टच्या वर्गाचं सूत्र. केबल, जोड, सॉकेटची पिन यांच्यातून लोडचा प्रवाह जातो आणि त्यांच्या वाट्याला किती व्होल्ट आले ते पटकन कळत नाही, म्हणून तिथं अँपिअरच्या वर्गाचं. हे उलटं केलं की गोंधळ होतो. केबलच्या हिशोबात २३० चा वर्ग घालून हजारो वॉट काढणारी पोरं मी पाहिली आहेत.

मीटर हातात घेण्याआधी

दोन हत्यारं लागतात: मल्टीमीटर आणि क्लॅम्प मीटर. जुने वायरमन क्लॅम्प मीटरला टाँग टेस्टर म्हणतात. व्होल्टेज मल्टीमीटरनं, एसीच्या खुणेवर, ६०० किंवा ७५० च्या रेंजवर. अँपिअर मात्र क्लॅम्पनंच, वायर न तोडता.

मल्टीमीटरला १० अँपिअरचं वेगळं भोक असतं. लाल प्रोब त्या भोकात असताना टोकं सॉकेटमध्ये घातली तर मीटर म्हणजे नुसती शॉर्ट केलेली तार. शिकाऊ होतो तेव्हा मी हे करून बसलोय. आधी कुणीतरी बॅटरीचा प्रवाह मोजून प्रोब तिथंच ठेवलेला, मी न बघता सॉकेटमध्ये घातला. फाट्‌कन आवाज, निळा जाळ, आणि प्रोबचं पितळी टोक खडूसारखं झिजून अर्धं. हात वाचला तो नशिबानं. तेव्हापासून मीटर उचलला की आधी भोकं बघायची, मग रेंजची चावी, मग टोकं.

क्लॅम्पची चूक धोक्याची नाही, पण हमखास होते. इस्त्रीची अख्खी वायर जबड्यात धरली की मीटर शून्य दाखवतो. फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परतणारा प्रवाह एकमेकांना खोडतात. जबड्यात एकच वायर हवी. त्यासाठी हातभर लांबीची एक्स्टेंशन कॉर्ड घ्या, मधलं वरचं आवरण वीतभर काढून आतल्या तीन वायरी सुट्ट्या करा, त्यांचं स्वतःचं इन्सुलेशन मात्र शाबूत ठेवा. हे काम वायरमनकडून करून घेतलेलं बरं. आमच्या दुकानात अशी एक कॉर्ड कायम खुंटीला असते. प्रवाह फारच कमी असेल तर एक वायर तेवढी लांब सुटी ठेवून तिचे जबड्यातून दहा वेढे घ्यायचे आणि आकड्याला दहानं भागायचं. स्वस्तातला क्लॅम्पसुद्धा मग बऱ्यापैकी खरं बोलतो.

इस्त्रीवर पहिला हिशोब

लोड साधा निवडा, इस्त्री सगळ्यात चांगली. तिच्या पाटीवर २३० व्होल्ट, १००० वॉट असं लिहिलंय असं धरू. आधी कागदावरचं गणित: २३० × २३० ÷ १००० = ५२.९ ओहम. म्हणजे गरम इस्त्रीचा रेझिस्टन्स याच्या आसपास यायला हवा.

आता इस्त्री त्या कॉर्डमधून लावा, थर्मोस्टॅट पूर्ण वर करा आणि दिवा लागलेला असतानाच, म्हणजे एलिमेंट चालू असतानाच, दोन्ही आकडे घ्या. व्होल्टेज त्याच बोर्डावरच्या शेजारच्या सॉकेटमध्ये, अँपिअर क्लॅम्पवर. माझ्या घरी एका संध्याकाळी आलेले आकडे: २२१ व्होल्ट, ४.२ अँपिअर.

रेझिस्टन्स: २२१ ÷ ४.२ = ५२.६ ओहम.
शक्ती: २२१ × ४.२ = ९२८ वॉट.

पाटीवर १००० आणि इथं ९२८, मग इस्त्री बिघडली का? नाही. रेझिस्टन्स ५२.९ ला जवळजवळ चिकटून आहे, म्हणजे एलिमेंट ठणठणीत. कमी आहे ते व्होल्टेज. हाच फरक ओळखण्यासाठी रेझिस्टन्स काढायचा. वॉट व्होल्टेजबरोबर हलतो, एलिमेंटचा ओहम जवळपास जागेवर राहतो. व्होल्टेज २०० वर आलं तर हीच इस्त्री २०० × २०० ÷ ५२.९ = ७५६ वॉट देईल. व्होल्टेज तेरा टक्के पडलं, उष्णता मात्र चोवीस टक्के गेली, कारण व्होल्टचा वर्ग होतो. "हल्ली इस्त्री तापतच नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्या वहिनींना मी आधी घरचं व्होल्टेज विचारतो. २३० च्या लाईनला साधारण सहा टक्के वर-खाली, म्हणजे २१६ ते २४४, एवढं चालायचंच. त्याच्याही खाली राहत असेल तर तक्रार वीज कंपनीकडं करायची, इस्त्रीवाल्याकडं नव्हे.

क्लॅम्प नसेल तर घरचा मीटर

वीज मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती इम्पल्स ते छापलेलं असतं. समजा ३२०० आहे. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजचाही प्लग काढा, फक्त इस्त्री चालू ठेवा. मोबाईलचं स्टॉपवॉच लावून दहा लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोजा. सुरुवातीची लुकलुक शून्य धरायची. तिलाच एक धरलं की हिशोब एकानं चुकतो.

वॉट = ३६,००,००० × लुकलुकी ÷ (छापलेला आकडा × सेकंद)

मला १२ सेकंद लागले: ३६,००,००० × १० ÷ (३२०० × १२) = ९३७ वॉट. क्लॅम्पचा हिशोब ९२८ सांगत होता. अंगठ्याच्या अंदाजानं दाबलेल्या स्टॉपवॉचला एवढा फरक माफ. वॉट मिळाले की अँपिअर = वॉट ÷ व्होल्ट, आणि मग ओहम. एकाही वायरीला हात न लावता तिन्ही आकडे हातात.

थंड ओहम आणि गरम ओहम

इथं नवखे अडकतात. "मल्टीमीटरवर ओहमची रेंज आहे की, मग भागाकार कशाला?" इस्त्रीला ते चालून जातं. तिचा नायक्रोम तापला तरी रेझिस्टन्स थोडाच वाढतो. थंड एलिमेंट ५१ च्या आसपास दाखवेल, गरम ५३.

पण साठ वॉटचा जुना पिवळा बल्ब घ्या. पाटीवरून २३० × २३० ÷ ६० = ८८२ ओहम. मल्टीमीटर लावला तर साठ-सत्तर ओहम. मीटर खोटं बोलत नाही, बल्ब थंड आहे एवढंच. टंगस्टनची तार पांढरीफेक होते तेव्हा तिचा रेझिस्टन्स दहापटीहून जास्त वाढतो. थंड ६५ ओहम धरून वॉट काढले तर ८१४ येतात. बटण दाबताच क्षणभर खरोखर तेवढा ओढ असतोही, म्हणून जुना बल्ब बहुतेक वेळा लावतानाच उडतो. चालू बल्बचा ओहम हवा असेल तर चालू असतानाच व्होल्ट आणि अँपिअर घ्या आणि भागा.

मोटर, पंखा, मिक्सर यांना तर ओहमची रेंज लावून वॉट काढायचेच नाहीत. फिरणारी मोटर स्वतः उलटं व्होल्टेज तयार करते आणि तेच बहुतेक प्रवाह अडवतं. वाइंडिंगच्या तांब्याचा ओहम त्यात फार थोडा. तो मोजायचा तीन फेज सारखे आहेत का, एवढं बघायला. शिवाय मोटरला नुसता व्होल्ट × अँपिअर केला की व्हीए (व्होल्ट-अँपिअर) येतात, वॉट नव्हेत. त्यातला खऱ्या वॉटचा वाटा म्हणजे पॉवर फॅक्टर, त्यानं गुणावं लागतं. थ्री फेजला १.७३२ नंही:

वॉट = १.७३२ × व्होल्ट × अँपिअर × पॉवर फॅक्टर

पाच एचपी म्हणजे ५ × ७४६ = ३७३० वॉट, पण हे शाफ्टवरचे. मोटरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर लाईनमधून ४३९० वॉट ओढायला हवेत. पॉवर फॅक्टर ०.८५ आणि ४१५ व्होल्ट धरून अँपिअर येतो ७.२. वाइंडिंगवाले एवढं गणित करत बसत नाहीत. थ्री फेजला एचपीमागं दीड अँपिअर, म्हणजे पाचाला साडेसात. हा ठोकताळा मी अजून फसलेला पाहिला नाही.

सैल पिनेत लपलेली सोल्डरिंग आयर्न

दोन हजार वॉटचा गिझर २३० वर ८.७ अँपिअर ओढतो. तो १६ अँपिअरच्या सॉकेटवरच हवा, ६ च्या नव्हे. एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण १६ च्या सॉकेटचीही आतली पत्ती सैल होते, आणि तिथं अर्धा ओहम रेझिस्टन्स तयार झाला असं धरा. अर्धा ओहम म्हणजे काहीच नाही असं वाटतं. आता अँपिअरच्या वर्गाचं सूत्र लावा: ८.७ × ८.७ × ०.५ = ३८ वॉट.

माझ्या टेबलावरची सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची आहे आणि तिनं कथिल वितळतं. सॉकेटच्या आत, बोटाच्या पेराएवढ्या जागेत, त्याहून जास्त उष्णता. मग प्लगची पिन आधी तपकिरी, नंतर जांभळट होते, सॉकेटभोवतीचं प्लास्टिक पिवळं पडतं आणि सडक्या माशासारखा वास सुटतो. गिझर मात्र तक्रार करत नाही, कारण त्या जोडात जेमतेम सव्वाचार व्होल्ट पडतात आणि पाणी तापतंच. एमसीबीही पडत नाही. प्रवाह वाढलेलाच नसतो, उलट केसभर कमी झालेला असतो. म्हणून गिझर पंधरा मिनिटं चालवून बंद करा, मेन स्विच पाडा आणि प्लग काढून पिनेला उलट्या बोटानं हलकेच स्पर्श करून बघा. कोमट ठीक, चटका बसला तर सॉकेट बदला. पिन पॉलिश पेपरनं घासून पुन्हा लावण्यात अर्थ नाही, पत्तीचा ताण गेलेला असतो.

परत नदीवर

आता काकांची मोटर. दुसऱ्यांदा भरल्यावर मी स्वतः जोडायला गेलो. पुराच्या भीतीनं आपल्याकडं स्टार्टरची पेटी वर रस्त्याकडेला असते आणि मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकत्र, खाली काठावर. मधे ३५० मीटर तांब्याची केबल, अडीच स्क्वेअर एमएम. या वेळी मोटर चालू करून, पाणी पूर्ण दाबानं पडू लागल्यावर मोजलं. चालू थ्री फेजच्या टर्मिनल बॉक्समध्ये टोकं घालणं हे घरच्या माणसाचं काम नव्हे, आणि ओल्या काठावर तर मुळीच नव्हे. ते वायरमनलाच करू द्या.

वर पेटीत ३९८ व्होल्ट, खाली मोटरवर ३६३, क्लॅम्पवर ८.४ अँपिअर.

पस्तीस व्होल्ट वाटेत गेले. केबलच्या एका तारेचा रेझिस्टन्स असा काढला (०.८५ हा वर धरलेलाच पॉवर फॅक्टर):

३५ ÷ (१.७३२ × ८.४ × ०.८५) = २.८ ओहम

आता ताळा. तांब्याच्या केबलसाठी सोपा हिशोब आहे: २० ला स्क्वेअर एमएमनं भागा, एक किलोमीटरचे ओहम मिळतात. अडीचला ८, चारला ५, सहाला ३.३. अॅल्युमिनियम असेल तर याच्या साधारण दीडपट ते पावणेदोनपट धरा. काकांची केबल: ८ × ०.३५ = २.८ ओहम. मोजलेला आणि कागदावरचा आकडा जुळला, म्हणजे जोड चांगले आहेत, केबलच बारीक आहे. मोजलेला आकडा चार-पाच ओहम आला असता तर मी केबलला दोष दिला नसता, चिखलात पुरलेले जोड उकरायला लावले असते. सिंगल फेजला हाच हिशोब करताना जाण्याची आणि येण्याची अशी दुप्पट लांबी धरायची आणि १.७३२ विसरायचा.

केबल किती खाते तेही काढलं. ३ तारा × ८.४ × ८.४ × २.८ = ५९३ वॉट. पाऊण एचपीहून जास्त वीज जमीन तापवण्यात चालली होती.

"म्हणजे मी रानाला पाणी पाजतोय का केबलला शेकतोय?" काकांनी विचारलं.

दोन्ही. आणि हे दुपारचे आकडे. थ्री फेजची पाळी रात्रीची असली की लाईट आल्या आल्या सगळ्यांच्या ऑटो-स्टार्टरवरच्या मोटरी एकदम उठतात आणि डीपीवरच व्होल्टेज कोसळतं. इस्त्रीला व्होल्टेज कमी मिळालं की ती कमी ओढते. मोटरचं उलटं. पंपाला पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून व्होल्ट घटले की ती अँपिअर वाढवते. त्यातून केबलमध्ये आणखी व्होल्ट पडतात. ठरवल्याहून जास्त अँपिअर गेला की मोटर बंद करणाऱ्या ओव्हरलोड रिलेनं ती वाचवायला हवी होती, पण सारखी ट्रिप होते म्हणून त्याचा काटा कुणीतरी दहा अँपिअरवर सरकवून ठेवलेला. मी तो साडेसातवर आणला आणि काकांना सांगितलं, आता ट्रिप झाली तर काटा हलवू नका, मला फोन करा.

दोन दिवसांत फोन आला. मग सहा स्क्वेअर एमएमची केबल पडली. तिचा हिशोब आधीच करून ठेवला होता: ३.३ × ०.३५ = १.१५ ओहम, ७.८ अँपिअरला साधारण १३ व्होल्ट ड्रॉप, आणि केबलमधला तोटा २१० वॉट. प्रत्यक्षात मोटरवर ३८५ मिळाले.

पुराच्या पाण्यातून निघालेली मोटर

ओहमचा आणखी एक हिशोब आपल्या भागात दरवर्षी लागतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की लोक मोटरी वर ओढतात, आणि दोन-चार तरी राहूनच जातात. बुडालेली मोटर वाळवली तरी थेट लाईन द्यायची नाही, आधी मेगर. मेगर म्हणजे तोच भागाकार: तो वाइंडिंग आणि बॉडी यांच्यात ५०० व्होल्ट देतो आणि गळणारा प्रवाह मोजतो. अर्धा मिलिअँपिअर गळला तर ५०० ÷ ०.०००५ = १० लाख ओहम, म्हणजे एक मेगाओहम. याच्या खाली असेल तर मोटर परत वाळवायच्या भट्टीत. मल्टीमीटरच्या नऊ व्होल्टच्या बॅटरीला हा ओलावा बऱ्याचदा दिसतच नाही, म्हणून "मीटर लावून बघितलं, चांगली आहे" यावर विसंबू नका. २० हजार ओहम दाखवणारी मोटर लावली तर, फेज आणि जमीन यांच्यात २३० व्होल्ट असतात म्हणून, २३० ÷ २०,००० = ११.५ मिलिअँपिअर बॉडीतून मातीत जायला बघतात. अर्थिंग नसेल आणि ओल्या पायानं कुणी मोटरला हात लावला, तर ते त्याच्या अंगातून जातात.

काकांच्या पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला मी मार्कर पेननं दोन ओळी लिहून आलोय. वरची: ३९८, ३६३, ८.४. खालची: ३९८, ३८५, ७.८. शेजारी तारखा, आणि दोन्ही ओळींपुढं "मोटर चालू". पुढच्या उन्हाळ्यात व्होल्टेज वर तेवढंच आणि खाली कमी दिसलं, तर केबलीचा जोड आधी उघडायचा, मोटर नव्हे.